कोश कोणाचा? हॅरी पॉटरच्या वाचकांची फाळणी

मंडळी, आज शनिवार, म्हणजे कोड सोडून इतर गोष्टींबद्दल लिहायचा दिवस.

लेखक आणि त्याचा एक निस्सीम चाहता कोर्टात समोरासमोर उभे राहिले, तर बाकीच्या चाहत्यांनी करायचं काय? २००७-०८ साली हॅरी पॉटरच्या वाचकांवर ही वेळ आली होती. कायद्याच्या अंगाने या खटल्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला जास्त रस आहे तो वाचक तेव्हा कसे वागले त्यात.

स्टीव्ह व्हँडर आर्क हा अमेरिकेतल्या मिशिगनमधला शाळेतला ग्रंथपाल. २०००मध्ये त्याने 'हॅरी पॉटर लेक्सिकन' सुरू केलं. पात्रं, मंत्र, प्राणी, औषधी काढे, कोणत्या वर्षी काय घडलं, सगळं अकारविल्हे लावलेलं आणि फुकट. मदतीला इतर हौशी वाचकही होते. थोडक्यात, आपल्याकडे चित्रावशास्त्र्यांनी प्राचीन चरित्रकोशात पुराणातल्या मंडळींचं जे केलं, तेच याने जादूगारांचं केलं. फरक इतकाच की व्यासांचे वकील नव्हते!

२००४ साली जे. के. रोलिंगबाईंनी या कामाला आपलं चाहत्यांसाठीचं बक्षीस दिलं. बाहेर कुठे लिहीत बसलेलं असताना एखादा तपशील अडला, तर दुकानात जाऊन स्वतःचंच पुस्तक विकत घेण्यापेक्षा सायबर कॅफेत शिरून आपण लेक्सिकन बघतो, असंही त्यांनी लिहिलं. चाहत्याला आणखी काय हवं, सांगा बरं?

जुलै २००७मध्ये सातवं, शेवटचं पुस्तक आलं. पाठोपाठ आर.डी.आर. बुक्स नावाचा मिशिगनमधलाच एक छोटा प्रकाशक व्हँडर आर्ककडे आला, म्हणाला, याचं पुस्तक काढू. व्हँडर आर्कला धाकधूक होतीच. उद्या कोर्टकचेरी झाली तर भार प्रकाशकाने उचलावा, असं कलम त्याने करारात घालून घेतलं. झालंही तसंच. ३१ ऑक्टोबर २००७ला रोलिंगबाई आणि वॉर्नर ब्रदर्स यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. बाईंना स्वतःच असा कोश लिहायचा होता आणि त्याचे पैसे दानधर्माला द्यायचे होते.

आता गंमत बघा. एरवी कंपनी विरुद्ध सामान्य माणूस असा सामना असला की जनता माणसाच्या बाजूने जाते. इथे उलटं झालं. बहुतेक चाहते बाईंच्या बाजूने गेले. 'लीकी कॉल्ड्रन' हा चाहत्यांचा मोठा अड्डा लेक्सिकनचा सोबती होता. तोही लांब सरकला. कालपर्यंत ज्याच्याकडे शंका विचारायला जायचे, त्याला लोक लोभी आणि विश्वासघातकी म्हणू लागले.

हे असं का झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. २०००-०१च्या सुमाराला वॉर्नरने पोराटोरांच्या पॉटर-पानांवर धमकीची पत्रं धाडली होती. तेव्हा हेदर लॉव्हर नावाच्या शाळकरी मुलीने बहिष्काराची हाक दिली, बोभाटा झाला आणि कंपनी नरमली. त्यानंतर एक अलिखित तह पाळला जाऊ लागला: हौसेने करा, फुकट करा, आम्ही डोळेझाक करू. त्या तहावर चाहत्यांचं सगळं जग उभं होतं. व्हँडर आर्कने तो मोडला, आता बाई रागावल्या तर दार सगळ्यांनाच बंद होईल, ही भीती त्या संतापामागे होती. प्रेम होतंच, नाही असं नाही, पण भीतीही होती.

आणि हौशी मदतनिसांनी फुकट दिलेल्या मजकुराचं काय? सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न लगेच सुचतो. सीडीडीबीची गोष्ट आठवते? लोकांनी आपापल्या सीडींवरच्या गाण्यांची नावं फुकट टाईप करून दिली आणि पुढे ती सगळी माहिती एका कंपनीची मालमत्ता झाली. लायसन्स आधी ठरवलं नाही की असं होतं.

विरुद्ध बाजूलाही लोक होते. स्टॅनफर्डच्या वकिलांनी प्रकाशकाची बाजू लढवली. विज्ञानकथालेखक ऑर्सन स्कॉट कार्डने तर रोलिंगबाईंवर सणसणीत लेख लिहिला.

एप्रिल २००८मध्ये तीन दिवस सुनावणी झाली. आपण अजूनही चाहत्यांच्या परिवारातले आहोत का, या प्रश्नावर व्हँडर आर्क साक्ष देताना रडला. पैशांचा प्रश्न नव्हता तो, वाळीत टाकलं जाण्याचा होता. न्यायमूर्ती रॉबर्ट पॅटरसन यांनी दोन्ही बाजूंना तडजोड करा असंही सुचवलं, पण ती काही झाली नाही.

८ सप्टेंबर २००८ला निकाल लागला. बाई जिंकल्या, पुस्तकावर बंदी आली. नुकसानभरपाई किती? सात कादंबऱ्या आणि दोन पूरक पुस्तिका, प्रत्येकी ७५० डॉलर, एकूण ६,७५०. कायद्यातली किमान रक्कम! आणि चाहत्यांनी जे फारसं वाचलं नाही ते निकालपत्रात पुढे आहे. दुसऱ्याच्या कथेवर संदर्भग्रंथ काढणं हा गुन्हा नाही, असे ग्रंथ निघावेत, पण या कोशाने मूळ मजकूर, विशेषतः त्या दोन पुस्तिकांतला, गरजेपेक्षा फार जास्त जसाच्या तसा उचललाय, असं न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. मला हे पटतं. चाहत्यांनी शिष्टाचाराच्या प्रश्नाला कायद्याचा प्रश्न समजण्याची गल्लत केली, असं माझं मत.

आम्हा कोरपन्याच्या पोरांना तर हा मुद्दा चटकन कळायला हवा. आमच्याकडे दहावी-बारावी पाठ्यपुस्तकाइतकीच गाईडवर निघते. दुसऱ्याच्या पुस्तकावर पुस्तक काढायला प्रत्येक वेळी परवानगी लागली असती, तर ट्यूशन न परवडणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या मुलांनी काय केलं असतं? योगायोग असा की २००८मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात ऑक्सफर्डने गणिताच्या गाईडवाल्यांविरुद्ध लढवलेल्या खटल्यात कोर्टाने गाईडवाल्यांच्या बाजूने कौल दिला. आधी गणितं सोडवून दाखवणं हे वेगळ्या कामाचं पुस्तक आहे, असा त्याचा मथितार्थ.

आणखी एक किस्सा सांगायलाच हवा. लेक्सिकनवर दावा झाला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २००७मध्ये, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सचा मांडव घातला. वॉर्नर आणि रोलिंगबाई दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २० लाख रुपये मागितले. कोर्टाने मांडव पूजेपुरता राहू दिला, पुढे मात्र परवानगीशिवाय नको म्हणून बजावलं. यावेळी आपले वाचक कुणाच्या बाजूने होते ते सांगायला नकोच. मांडवाला हात लावता होय!

असो. आर.डी.आर.ने अपील केलं, मग मागे घेतलं. व्हँडर आर्कने उचललेला मजकूर काढून, स्वतःचं भाष्य वाढवून कोश नव्याने लिहिला आणि जानेवारी २००९मध्ये तो रीतसर प्रसिद्धही झाला. कोणी अडवलं नाही. रोलिंगबाईंनी त्यांच्या जगाबद्दल पुढे पॉटरमोरवर बरंच लिहिलं. पण ज्याच्यासाठी भांडण झालं, तो त्यांचा स्वतःचा कोश मात्र अजून आलेला नाही.