पंढरीचा विठ्ठल, घुमानचा बीठल

पंजाबात राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "म्हणजे तुम्ही भगत नामदेवांच्या मुलखातले का?" विचारणारा शेजारी शीख असतो. त्याला नामदेवांची जी पदे पाठ असतात ती आपण बहुधा ऐकलेली नसतात, आणि आपण लहानपणापासून म्हणत आलो ते अभंग त्याने ऐकलेले नसतात. नामदेव एकच आणि विठ्ठलही एकच. मग त्या नावाचा दोघांच्या मनातला अर्थही एकच आहे काय? गणेशोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावा, असे मनात आले.

परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मधला. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे गाव मानले जाते, मात्र आयुष्य घडले ते पंढरपुरात. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. ज्ञानेश्वर माउलींबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ मध्ये माउलींनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव पुन्हा उत्तरेकडे निघाले आणि आयुष्याची बरीच वर्षे पंजाबात राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे गाव म्हणून आजही ओळखले जाते. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. गंमत म्हणजे नामदेवांची समाधी दोन ठिकाणी दाखवतात. महाराष्ट्र आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेव पायरीशी नतमस्तक होतो, तर घुमानची जत्रा माघ महिन्यात भरते. दोन्ही प्रांतांना नामदेव आपलेच वाटतात.

पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये अमृतसरला आदिग्रंथ सिद्ध केला. भाई गुरदास यांनी तो लिहून घेतला. त्यात गुरूंच्या वाणीबरोबर पंधरा भगतांची वाणी आहे. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या पंक्तीत आपले नामदेव आहेत. त्यांची ६१ पदे, अठरा रागांत विभागलेली. लिपी गुरुमुखी आणि भाषा तेव्हाची उत्तरेतली संतभाषा. पण मराठी कानाला त्यात मधूनच ओळखीचे काही सापडते. कुठे षष्ठीचा 'चे' प्रत्यय, तर कुठे 'ल'कारान्त भूतकाळ. आणि 'बीठल' हे नाव तर पुन्हा पुन्हा येते. उत्तरेत 'व'चा 'ब' झाला, एवढाच फरक.

आता या पदांतील आशय पाहू. आसा रागातील एका पदात नामदेव पूजेला बसतात. घागर भरून पाणी आणावे, तर त्यात लक्षावधी जीव आधीच नांदत आहेत. फुले आणावीत, तर भुंग्याने त्यांचा वास आधीच घेतलेला. दुधाची खीर करावी, तर वासराने ते दूध आधीच उष्टावलेले. मग देवाला अर्पण तरी काय करायचे? शेवटी नामदेवांना उमगते, की इकडेही बीठल आहे आणि तिकडेही, त्याच्यावाचून जगच नाही. रामकली रागातील दुसऱ्या एका पदात पतंग उडवणारा मुलगा आहे. तो सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण लक्ष सगळे दोरीत. आई घरातली कामे करते, पण चित्त पाळण्यातल्या बाळाकडे. हात कामात आणि मन नामात असावे, हा तेथे गूढ अनुभवाचा अर्थ आहे. त्यासाठी रानात जाण्याची गरज नाही.

हे वाचून आपण पटकन म्हणतो, की नामदेव आधी सगुणभक्त होते, पुढे निर्गुणी झाले आणि मग पंजाबात गेले. त्याला विसोबा खेचरांच्या कथेचा आधारही दिला जातो. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हा ते म्हणाले, "जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव." नामदेव पाय उचलून ठेवतील तेथे पिंड उभी राहू लागली.

कथा सुंदर आहे. पण तेवढ्यावरून नामदेवांचे दोन भाग पाडणे मला पटत नाही. कारण ग्रंथसाहेबातील पदांतही देवाने दूध प्यायल्याची बालपणची कथा आहे, कृष्णाची नावे आहेत, गोपी आहेत. उलट मराठी अभंगांतही सर्वांभूती विठ्ठल पाहणारे नामदेव ठायी ठायी भेटतात. फरक पडला तो मुख्यतः निवडीमुळे. नामदेवांची रचना कीर्तनातून, तोंडोतोंडी आणि कीर्तनकारांच्या बाडांतून पुढे आली. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांचे अभंगही तीत मिसळले. शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाथेत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. त्या विस्तारात वारकऱ्यांनी विटेवरचे रूप, चंद्रभागा आणि वारी हृदयाशी धरली. गुरू अर्जुनदेवांनी नामस्मरण आणि एकच सर्वव्यापी परमात्मा सांगणारी पदे निवडली. ज्याला जे हवे होते ते नामदेवांच्याच घरातून मिळाले.

म्हणून मला वाटते, धार्मिक अर्थ आणि आध्यात्मिक अर्थ यांत भेद करावा, पण भांडण लावू नये. मूर्ती, क्षेत्र, तिथी, पोशाख आणि नैवेद्य हा धार्मिक अर्थ. तो गावाशी बांधलेला असतो. सर्वत्र तोच आहे ही जाणीव म्हणजे आध्यात्मिक अर्थ. ती गाव सोडून प्रवास करू शकते. मात्र प्रवासाला निघताना तिलाही एखादे नाव बरोबर न्यावे लागते. नामदेवांनी पंढरीची वीट पंजाबात नेली नाही, पण विठ्ठल हे नाव नेले. ज्या लोकांनी पंढरपूर कधी पाहिले नाही, ते आज चारशे वर्षांहून अधिक काळ ते नाव गात आहेत.

या आध्यात्मिक अर्थाची खरी कसोटी मात्र देवळाच्या दारात लागते. नामदेवांना हीन जातीचे म्हणून देवळातून उठवले, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, हा प्रसंग ग्रंथसाहेबातील पदांत आहे. महाराष्ट्रात हीच कथा औंढा नागनाथाविषयी सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्यातला प्रश्न उरतोच. देव सगळीकडे असेल, तर माणसाला बाहेर का काढले? मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. पण समाधी दाराबाहेरच राहिली, आणि चोखोबांच्या समाजाला आत जाण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा मंदिर सर्वांसाठी खुले झाले. जो अर्थ नामदेव गात होते तो त्यांच्याच पंढरीत आचरणात यायला सहाशे वर्षे लागली. इकडे अमृतसरच्या हरिमंदिराला चार दिशांना चार दारे आहेत, आणि शिंप्याची वाणी गुरूंच्या वाणीबरोबर एकाच ग्रंथात आहे. त्या ग्रंथापुढे सर्वजण माथा टेकवतात. अभिमान बाळगताना हा हिशेबही आपण मांडला पाहिजे.

इतिहासाने एक वर्तुळही पुरे केले आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी ग्रंथसाहेबालाच गुरुपद दिले. नांदेड आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हा सारा एकच मुलूख. मराठवाड्यातून निघालेली वाणी पंजाबात ग्रंथात बसली आणि चारशे वर्षांनी मराठवाड्यातच गुरुपदाला पोचली. आज नांदेड आणि अमृतसर यांना जोडणारी सचखंड एक्सप्रेस दोन हजार किलोमीटरांहून जास्त धावते. रेल्वेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला ते अंतर रुळांच्या आणि पुलांच्या हिशेबात कळते. नामदेव ते पायी चालले.

आपल्या गणपतीचे तरी वेगळे काय आहे? मातीची मूर्ती आणतो, आवाहन करतो, दहा दिवस तिच्यात देव पाहतो आणि अकराव्या दिवशी ती पाण्यात सोडतो. सगुण आणि निर्गुण हे दोन्ही धडे आपल्याला या अकरा दिवसांत मिळतात. मूर्ती विरघळल्यावर जे उरते ते वर्षभर कसे जपायचे, एवढाच प्रश्न असतो. आपली मुले इथल्या शाळांत गुरुमुखी शिकतात. त्यांनी शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून नामदेवांची पदे मुळातून वाचावीत आणि घरी आल्यावर आजीकडून हरिपाठही शिकावा. मंडपात येणाऱ्याला कोण, कुठला असे न विचारता पहिल्या रांगेत बसवावे. सर्वांभूती विठ्ठल याचा अर्थ मला तरी एवढाच कळला आहे.

गणपती बाप्पा मोरया! रामकृष्ण हरी!