ढगांआडची जमीन ओळखणारे ध्रुवीकृत रडार

नद्यांना पूर येतो, नेमके तेव्हाच आकाश ढगांनी झाकलेले असते. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेले उपग्रहांचे कॅमेरे अशा वेळी निरुपयोगी ठरतात. रडार उपग्रह मात्र स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि जमिनीवरून परतणाऱ्या लहरी टिपतो. त्यामुळे ढग असोत वा रात्र, त्याचे काम थांबत नाही. परंतु परतलेल्या लहरींच्या केवळ तीव्रतेवरून खाली काय आहे, हे सांगता येत नाही. खडबडीत माळ आणि उभे पीक सारखेच उजळ दिसू शकतात. हा पेच ध्रुवीकरणामुळे सुटतो.

ध्रुवीकरण म्हणजे काय?
लहरीतील विद्युतक्षेत्र ज्या दिशेने कंप पावते, ती तिच्या ध्रुवीकरणाची दिशा होय. रडार आडवी किंवा उभी लहर पाठवते आणि परतणाऱ्या लहरीतील आडवा व उभा घटक स्वतंत्रपणे मोजते. यातून चार जोड्या मिळतात.

ओळख कशी पटते?
संथ पाणी आरशाप्रमाणे लहर दुसरीकडे परावर्तित करते. म्हणून ते काळे दिसते. झाडांच्या फांद्या-पानांत लहर अनेकदा विखुरते आणि आडवी गेलेली लहर अंशतः उभी होऊन परतते. हा 'तिरका' प्रतिसाद वनस्पतींची खूण मानला जातो. पाण्यात उभ्या असलेल्या झाडांच्या बाबतीत लहर पाणी आणि खोड अशा दोन ठिकाणी आदळून परतते. आडव्या-आडव्या जोडीत हा भाग विशेष उजळ दिसतो. त्यामुळे झाडीखाली दडलेला पूरही शोधता येतो.

मर्यादाही आहेत. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या, की उभ्या-उभ्या जोडीत पाणी ओळखणे कठीण जाते. रडारच्या दिशेशी तिरप्या असलेल्या इमारती वनस्पतींसारखा प्रतिसाद देतात. म्हणूनच प्रत्यक्ष पाहणीची जोड आवश्यक ठरते.

भारताची वाटचाल
'इस्रो'ने २६ एप्रिल २०१२ रोजी 'रिसॅट-१' सोडला. वर्तुळाकार ध्रुवीकृत लहर पाठवून तिचे आडवे व उभे घटक टिपण्याची संकरित पद्धत त्यात होती. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी 'ईओएस-०४' कक्षेत गेला. 'नासा'च्या सहकार्याने बनलेला 'निसार' ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यात 'एल' आणि 'एस' अशा दोन पट्ट्यांची रडार आहेत. सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची 'एल' लहर पानांच्या छत्रातून अधिक खोल शिरते.