आधी रूळ, मग इंजिन

रेल्वेचा जनक कोण, असं विचारलं की आपण चटकन जॉर्ज स्टीफन्सनचं नाव घेतो. पण तो १७८१ साली जन्मला, तेव्हा इंग्लंडमध्ये रुळांवरून गाड्या धावायला लागून सुमारे पावणेदोनशे वर्षं झाली होती. त्या गाड्या ओढत होते घोडे.

१६०४च्या सुमारास नॉटिंगहॅमजवळ हंटिंग्डन ब्यूमाँट याने खाणीतला कोळसा वाहण्यासाठी लाकडी रूळ टाकले. कच्च्या रस्त्यावर चाक चिखलात रुततं आणि जनावराची निम्मी ताकद ते बाहेर काढण्यातच जाते. टणक, सपाट रुळावर चाक रुतत नाही. तोच घोडा कितीतरी पट ओझं ओढतो. लाकूड झिजायचं, म्हणून अठराव्या शतकात लोखंड आलं.

१८०३ साली लंडनजवळ वॉन्ड्सवर्थ ते क्रॉयडन हा 'सरे आयर्न रेल्वे'चा मार्ग खुला झाला. टोल भरा आणि आपला घोडा, आपली गाडी घेऊन या, असा तिथला कारभार. १८०७ साली वेल्समध्ये स्वान्सीजवळ लोक भाडं देऊन घोड्याच्या रेल्वेने प्रवास करू लागले.

मग वाफेचं काय? १८०४ साली वेल्समध्येच रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने दहा टन लोखंड ओढून दाखवलं. पण इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ तुटू लागले आणि काम पुन्हा घोड्यांकडे गेलं. पुढे नेपोलियनच्या युद्धकाळात दाणावैरण महागली, तेव्हा खाणमालकांना वाफ परवडू लागली. तरीही १८२५ साली सुरू झालेल्या स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर इंजिन कोळसा ओढायचं आणि प्रवाशांचे डबे १८३३पर्यंत घोडेच ओढायचे!

आपल्याकडेही हेच घडलं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६२ साली डभोई-मियागाम रेल्वे सुरू केली, ती बैलांच्या जोरावर. इंजिनं आणली, पण हलक्या रुळांना ती पेलेनात. १८७३ साली भक्कम रूळ टाकले, तरी तिथे वाफेच्या गाड्या नियमित धावू लागल्या त्या १८८० साली.

इंजिन कितीही ताकदवान असो, खालचा रूळ ते पेलेल तेवढंच ते धावतं. म्हणून रेल्वेचा इतिहास सांगताना सुरुवात रुळापासून करायची, आणि त्यावर दोनशे वर्षं राबलेल्या मुक्या जनावरांना विसरायचं नाही.