तळटीप : ‘पाळत’ या शब्दाविषयी

* लेखकाने येथे घाटंजीच्या बाजारात साध्या वेशातल्या पोलिसाने ठेवलेली पाळत वर्णिली आहे. संगणकावरची पाळत निराळी असते. ईमेलच्या जोडपत्रातून हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला, की दूर बसलेला माणूस फायली वाचतो, कळफलकावरचे प्रत्येक अक्षर टिपतो आणि नवी फाईलही ठेवू शकतो. सर्वांत भयंकर हे शेवटचेच, कारण तिथे पाळत ठेवणारा पुरावाही निर्माण करू शकतो.

विदर्भातले उदाहरण नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांचे. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये त्यांचा संगणक जप्त केला. बचाव पक्षासाठी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने त्याची प्रत तपासली. २०२१ च्या अहवालानुसार ‘नेटवायर’ हा प्रोग्राम वापरून त्यात किमान चौदा फायली बाहेरून ठेवल्या गेल्या होत्या. हल्लेखोर कोण, हे अहवालाने सांगितलेले नाही. पुढे तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. म्हणून सरकारकडे बोट दाखवणारे मूळ लेखातले वाक्य आम्ही सौम्य केले आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली केंद्राने २० डिसेंबर २०१८ रोजी दहा यंत्रणांना संगणकातील माहितीवर देखरेखीचा अधिकार दिला. त्या कलमात फाईल घुसवण्याची मुभा नाही. जप्तीनंतर कोणी तसे करू नये म्हणून संगणक जप्त होताना ‘हॅश व्हॅल्यू’, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेली ओळखखूण, पंचनाम्यात नोंदवून घ्यावी. एक अक्षर जरी नंतर बदलले, तरी ती जुळत नाही. मात्र जप्तीपूर्वी घुसवलेली फाईल तिने उघडी पडत नाही. त्यासाठी पूर्ण डिस्क तपासावी लागते.
— संपादक