मोजपट्टी कुणाच्या अंगणातली?

बाळाच्या आकलनावर पीएच.डी. करायची म्हटलं, की पहिला प्रश्न मोजपट्टीचा. समज मोजायची कशाने? अमेरिकेत नॅन्सी बेली यांनी यासाठी चाचण्या बसवल्या. त्यांचा आधार घेऊन प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बाळं तपासली आणि १९७० मध्ये भारतीय बाळांचे मापदंड मांडले. १९९७ च्या सुधारित चाचणीत हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ बाबी आहेत, त्याही अडीच वर्षांपर्यंतच्याच बाळांसाठी. केवढी चिकाटी!

पण बडोद्याचं बाळ म्हणजे मेळघाटातलं बाळ नव्हे. आमच्या अमरावती जिल्ह्यात धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू बोलतात. ती मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा. तिथल्या पोराला मराठीत 'चेंडू दाखव' म्हटलं आणि ते गप्प राहिलं, तर कमी काय पडलं? त्याची समज, की आपली भाषा?

इथे ताराबाई मोडक आठवतात. लग्न होऊन त्या अमरावतीलाच आल्या होत्या. पुढे १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसोबत काम केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली.

संशोधकालाही हीच वाट धरावी लागेल. मेळघाटावर प्रबंध लिहिणाऱ्याने आधी कोरकू शिकावी, ओसरीवर बसून पोरांचा खेळ बघावा. आकडे नंतर. नाहीतर कुपोषणाने आधीच गांजलेल्या लेकरांच्या कपाळी 'मंद' हा शिक्का आपणच मारून मोकळे होऊ...