परळ, २००३

समजा, ऑगस्ट २००३ आहे. मझौलीहून निघून, जबलपूरला गाडी पकडून तुम्ही मावशीला घेऊन दादरला उतरला आहात. पाऊस लागून राहिलाय. मावशीच्या वायरच्या पिशवीत जबलपूरचे कागद आहेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. पाळी जाऊन तीन वर्षं झाली तरी अंगावरून जात होतं. वर्षभर ती कुणाला बोलली नाही.

परळच्या टाटा हॉस्पिटलात बाकांवर बायकाच बायका. कुणी ओटीपोट धरून बसलेली, कुणी नुसती भिंतीला टेकलेली. डॉक्टर मावशीला तपासतात आणि केस पेपरवर लिहितात : ३ बी. म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ओटीपोटाच्या भिंतीला भिडलाय, नाहीतर मूत्रनलिका दाबून किडनी फुगवतोय. ऑपरेशनची वेळ गेली. आता शेक, म्हणजे रेडिएशन.

पण शेकाबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन द्यायची का? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९९ मध्ये पाच चाचण्यांच्या आधारे त्या बाजूने कौल दिला होता. त्या चाचण्यांत मावशीसारख्या, इतक्या उशिरा पोचलेल्या बायका मात्र थोड्याच होत्या. इथे तर बाकच्या बाक त्यांनी भरलेत. सिस्प्लॅटिन किडनीला जड. अंगात रक्त नाही, किडनीवर आधीच दाब, अशा बाईला ते झेपेल का, आणि झेपलं तरी तिचं आयुष्य वाढेल का? मला मनापासून वाटतं, हा प्रश्न इथेच विचारायला हवा होता. आपल्या बायकांसाठी तो दुसऱ्या कुणी सोडवून दिला नसता. डॉ. श्याम किशोर श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्याच महिन्यात, जुलैत, तो हाती घेतलाय.

"मावशी, शेक सगळ्यांनाच मिळणार, बाहेरून आणि आतूनही," डॉक्टर सांगतात. "सलाईन कुणाला द्यायची हे आम्ही ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं असतं ते. नको असेल तर नाही म्हणा, उपचार थांबणार नाहीत."

मावशी तुमच्याकडे बघते.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. सप्टेंबर २०११ पर्यंत अशा ८५० बायका या चाचणीत येतील, हे तुम्हाला ठाऊक आहे. निकाल २०१८ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त छापून येईल : पाच वर्षांनी सलाईन मिळालेल्यांपैकी ५४ टक्के जिवंत, नुसता शेक मिळालेल्यांपैकी ४६. शंभरात आठ जणी. सलाईन मागून घे, असं ओरडून सांगावंसं वाटतं. पण हा आकडा आज कुठेच नाही. तो याच बाकांवरच्या बायकांकडून कळायचा आहे, ज्यांना सलाईन मिळाली त्यांच्याकडून आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्याकडूनही.

मावशी अंगठा उठवते. थोड्या वेळाने कळतं : फक्त शेक.

"बाळ, हे बरं झालं की वाईट?"

२००३ मध्ये या प्रश्नाचं खरं उत्तर एकच होतं, आणि डॉक्टर तेच देतात : "मावशी, तेच तर आम्हाला अजून कळलेलं नाही."

ती मान हलवते. अंगठ्याची शाई पदराला पुसते, कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळते. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का ते अंधार पडायच्या आत बघायचंय.