फातिमा मागे होती म्हणून

जळगावच्या आमच्या मोहल्ल्यात बाई माहेरी जाते ती शादीला, नाहीतर मय्यतीला. नुसत्या आरामासाठी जाणं म्हणजे चैन.

१८५६ साली सावित्रीबाई फुले आजारी पडल्या आणि पुण्याहून नायगावला माहेरी गेल्या. १० ऑक्टोबरला तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. भावानं केलेल्या सेवेचा त्यात उल्लेख आहे. पुण्यात फातिमावर पडलेल्या भाराची काळजी आहे आणि ती तक्रार करणार नाही हा विश्वासही. फातिमा शेख यांच्याबद्दल बोलताना आपण या पत्राचा अभिमानानं दाखला देतो. पण त्यातली साधी गोष्ट निसटते: एका बाईला विश्रांती मिळाली, कारण दुसरीनं मागचं काम उचललं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. अम्मी धुळ्याला खालाकडे चार दिवस राहून आली, चेहरा उजळला होता. ते चार दिवस घर माझ्या बायकोनं ओढलं, कुरकुर न करता. ती स्वतः अशी कधी गेली होती, मला आठवेना.

तिकीट सरकारनं निम्मं केलं. घरातलं निम्मं काम आपणच उचलायचं आहे. येत्या सुटीत ती माहेरी जाईल, चूल मी सांभाळेन.